फणसाने पट्टा लावला नाही

नव्या गाडीचा ताबा घेणं हा आता मराठी घरातला सतरावा संस्कार झाला आहे. शोरूममध्ये गाडीवर लाल साटीनचं कापड, बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि बाजूला कडक इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा. तो बिचारा बोलत असतो. "सर, हा ग्लव्ह बॉक्स, आतून थंड राहतो. हा चष्म्याचा कप्पा. इथे मोबाइल नुसता ठेवला तरी चार्ज होतो..." सर त्या वेळी फोटोत कोण कुठे उभं राहणार ते ठरवत असतात. मॅडम पेढ्यांचा बॉक्स शोधत असतात. आजोबा मागच्या सीटवर बसून दार किती जोरात आपटावं लागतं याची चाचणी घेत असतात. मुलाचं ऐकायचं राहून गेलेलं सगळं एका जाडजूड पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढता त्याच ग्लव्ह बॉक्समध्ये जातं आणि वर्षानुवर्षं तिथेच नांदतं. पुढे गाडी विकताना "पुस्तकसुद्धा कोरं आहे बघा" म्हणून ते नव्या मालकाला अभिमानाने दाखवलं जातं.

आमचे मेहुणे, म्हणजे ताईचे यजमान, याला अपवाद. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर धरणाच्या भिंतीतून पाणी कुठून झिरपेल याची काळजी केली. निवृत्तीनंतर काळजीला जागा उरली नव्हती, तेवढ्यात गाडी आली. त्यांनी ते पुस्तक हातात पेन्सिल घेऊन वाचलं. 'इशारा' असं छापलेल्या चौकटी तर दोनदा वाचल्या. त्यांच्या मते, गाडीचं कौतुक कंपनीने पहिल्या चार पानांत उरकलं आहे आणि उरलेल्या पानांत एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली आहे: ही गाडी कधीही अचानक थांबू शकते.

आपल्याला नेमकं हेच पटत नाही. आपल्या हिशेबी गाडी म्हणजे घराला जोडलेली आणखी एक खोली. घरात कोनाडा, फडताळ, देव्हारा असतो, म्हणून गाडीतही आपण कोनाडा, फडताळ, देव्हारा शोधून काढतो. जागा दिसली की वस्तू ठेवायची, आणि वस्तू ठेवली की ती तिथेच राहणार असं गृहीत धरायचं. फरक एवढाच की घराची खोली कधी ब्रेक मारत नाही.

ग्लव्ह बॉक्सपासूनच बघू. १९०९ साली डोरोथी लेव्हिट नावाच्या इंग्रज मोटारचालक बाईंनी खास बायकांसाठी गाडी चालवण्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हाच्या गाड्या उघड्या, वारं आणि धूळ थेट अंगावर. बाईंनी सल्ला दिला की सीटखालच्या खणात जादा हातमोजे, रुमाल, पावडर आणि थोडी चॉकलेटं ठेवावीत. हातआरसा ठेवावा आणि मधूनमधून उंच धरून मागून कोण येतंय ते पाहावं. एकटीने लांब जायचं असेल तर छोटं पिस्तूलही जवळ असावं. म्हणजे खणातल्या प्रत्येक वस्तूला काहीतरी काम होतं.

आपल्याकडच्या कप्प्याचा पंचनामा करून बघा. मुदत संपलेली पीयूसीची प्रमाणपत्रं, क्रमवार. सर्व्हिसिंगची बिलं. घरात आता अस्तित्वात नसलेल्या मोबाइलच्या वायरी. न उठणारं बॉलपेन. हायवेवरच्या थाळीबरोबर आलेल्या बडीशेपेच्या आणि साखरेच्या पुड्या. शिर्डीची उदी, पिवळं फडकं, खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. पिस्तुलाची उणीव दगड झालेल्या आवळासुपारीने भरून निघते. खरं तर कागदपत्रांसाठीसुद्धा आता हा कप्पा अडवायची गरज नाही. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी आणि लायसन ग्राह्य धरा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१८ मध्येच राज्यांना कळवलं आहे. पण आपला झेरॉक्सवर विश्वास. हवालदारसाहेबांसमोर मोबाइलची बॅटरी संपेल, झेरॉक्सची संपत नाही.

मेहुण्यांचं यातल्या एकाही वस्तूशी भांडण नाही. त्यांचं भांडण झाकणाशी. बडीशेप काढायला उघडलेलं झाकण बडीशेप संपली तरी उघडंच राहतं, आणि ते असतं बरोबर शेजारी बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांसमोर. गाडी आदळली तर गुडघे झाकणाच्या कडेवर आणि कप्प्यातला ऐवज तोंडावर. "भरा की काय हवं ते," ते म्हणतात, "पण कप्पा वस्तू ठेवायला नसतो, अडवायला असतो. उघडा कप्पा काय अडवणार?" एवढं बोलून ते स्वतः वाकून झाकण लावतात. शेजारी कोण बसलंय, ओळखीचं आहे की नाही, हे पाहत नाहीत.

कप होल्डर ही तर निव्वळ अमेरिकेची देणगी. १९५०च्या सुमारास तिकडच्या काही गाड्यांच्या ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून पेला टेकवण्यापुरते खळगे असत, पण ते गाडी उभी असतानाच कामाचे. १९८३ साली क्रायस्लरच्या मिनीव्हॅनमध्ये पक्के बसवलेले कप होल्डर आले आणि मग गाडी चालवता चालवता पिण्याची चटक साऱ्या देशाला लागली. आपला चहा गाडीत प्यायचा नाहीच. टपरी दिसली की गाडी कडेला घ्यायची, उतरायचं, कमरेवर हात ठेवून ती टपरी पूर्वी कुठे होती यावर बोलायचं आणि उभ्याने कटिंग मारायचा. कटिंगचा ग्लास त्या होल्डरमध्ये ठेवलाच तर तो तळाला जाऊन बसतो आणि वर काढायला सांडशी लागते.

आपली ही रीत शास्त्राला धरून आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. १९९२ साली अमेरिकेत एका आजीबाईंनी उभ्या गाडीत कॉफीचा कप गुडघ्यांत धरून झाकण काढलं, कारण त्या गाडीला कप होल्डर नव्हता. कॉफी सांडून त्या भाजल्या. त्यांनी कॉफीवाल्यांवर केलेला खटला जगभर विनोद म्हणून सांगितला गेला. त्या मात्र आठ दिवस इस्पितळात होत्या. उकळतं पेय आणि गाडी यांचं जमत नाही, गाडी उभी असली तरी.

चहा नाही म्हणून आपले होल्डर रिकामे असतात असं मुळीच नाही. त्यात सुटे पैसे असतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून ही चिल्लर कुणाला द्यायची आहे ते चिल्लरीलाही माहीत नाही. ती प्रत्येक खड्ड्याला खुळखुळते, एवढंच. दुसऱ्या होल्डरमध्ये मोबाइल, पडद्याची बाजू वर. वाजला की चालवणाऱ्याची नजर रस्ता सोडून खाली जाते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगात दोन सेकंद खाली पाहिलं तर गाडी ३३ मीटर आंधळी धावते. वर कळतं ते एवढंच की मावसभावाने ग्रुपवर 'शुभ सकाळ' पाठवलं आहे.

पाण्याची बाटली हा मेहुण्यांचा स्वतंत्र अभ्यासविषय. दारातल्या कप्प्यात कंपनीने बाटलीच्या मापाची जागा केलेली असते. पण आपल्या घरची बाटली एक तर तांब्याची असते किंवा दोन लिटरची, आणि कंपनीच्या कल्पनाशक्तीत ती मावत नाही. मग ती सीटखाली आडवी जाते. चढाला मागे, उताराला पुढे असा तिचा शांत प्रवास चालू असतो. घाट उतरताना ती एकदा ड्रायव्हरच्या पायाशी येते आणि नेमकी ब्रेकखाली जाऊन बसते. मग ब्रेक दाबणाऱ्याला गाडी न थांबण्याचं कारण कळत नाही, आणि कळेपर्यंत वळण येतं.

पायपुसण्यांचंही तेच. कंपनीचा गालिचा, तो मळू नये म्हणून त्यावर रबरी मॅट, ती मळू नये म्हणून त्यावर कप्पेदार मॅट आणि पावसाळ्यात सगळ्यांवर कालचा पेपर. हे थर ॲक्सिलरेटरपाशी सरकले की तो दाबलेला राहू शकतो. २००९ मध्ये अमेरिकेत टोयोटाने याच धास्तीपायी ३८ लाख गाड्यांच्या मालकांना मॅट काढून ठेवायला सांगितलं. एक मॅट, आणि तीही खालच्या हुकांत अडकवलेली, एवढाच खरा नियम. पण मेहुण्यांनी आमच्या मॅट उचलल्या तेव्हा खालून दोन वर्षांपूर्वीचं राशिभविष्य निघालं आणि मूळ मुद्दा बाजूला राहिला.

आता देव्हारा. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला एक सपाट, मोकळी, गुळगुळीत जागा असते. एवढी चांगली जागा कंपनीने रिकामी का सोडली, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. आपण तिथे गणपती चिकटवतो. शेजारी साईबाबा, पुढे डुलणारं कुत्रं आणि त्याच्या पायाशी अत्तराची कुपी. त्याच जागी बारीक अक्षरांत 'एअरबॅग' लिहिलेलं असतं. ही पिशवी पापणी लवायच्या आत, सेकंदाच्या तीस-चाळीस हजारांशांत फुगते आणि ताशी सुमारे ३०० किलोमीटरच्या वेगाने बाहेर येते. तिच्या झाकणावर जे असेल ते ती बरोबर घेऊन येते. मेहुणे नास्तिक नाहीत, संकष्टी करतात. त्यांचं म्हणणं एवढंच: "तो विघ्नहर्ता आहे. त्याला तोफगोळा करू नका." त्यांच्या गाडीतला गणपती मधोमध, वाऱ्याच्या जाळीखाली, लहानसा आणि पक्का. एअरबॅगच्या जागेवर पाय पसरून गोव्याला जाणाऱ्या तरुण मंडळींना ते एकच प्रश्न विचारतात, पिशवी फुगली तर गुडघे कुठे जातील? मंडळी पाय खाली घेतात. प्रश्न समजून घेतात की मेहुण्यांचा चेहरा बघून, ते सांगता येत नाही.

सनरूफबद्दल थोडक्यात. आपल्या हवेत ते आठ महिने उन्हामुळे आणि चार महिने पावसामुळे बंद ठेवायचं असतं. उरलेल्या वेळात पोरांना त्यातून उभं केलं जातं, वर हात हलवायला लावतात आणि खालून आई-बाप त्याचा व्हिडिओ काढतात. ब्रेक लागला की पोराच्या छातीला छताची कड. संक्रांतीच्या दिवसांत रस्त्यावर आडवा मांजा असतो, तो कापडाला आणि गळ्याला सारखाच कापतो. इथे मेहुणे विनोद करत नाहीत, आणि मीही करत नाही. तसंच उन्हात उभ्या गाडीचं. बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच पारा दहाएक अंशांनी चढतो. अकोल्याच्या मे महिन्यात डिओचा डबा, लायटर, पॉवर बँक डॅशबोर्डवर ठेवायची नाही. लेकराला आत ठेवून "दोन मिनिटांत आले" तर म्हणायचंच नाही, कारण दुकानातली दोन मिनिटं दोन मिनिटांत कधीच संपत नाहीत.

आणि आता मागच्या काचेखालची फळी. तिच्यावर काय नसतं? उशी, छत्री, टिश्यूचा डबा, जत्रेतलं अस्वल आणि गेल्या देवदर्शनाचा नारळ. नारळ घरी न्यायचा राहतो, मग 'पुढच्या वेळी' म्हणून तो महिनाभर मागच्यांच्या मानेच्या उंचीवर पडून असतो. मेहुण्यांनी याचं गणित मांडून दिलं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. दहा मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीवर पोचते ती याच वेगाने. गाडी आदळून थांबली की गाडी थांबते, नारळ थांबत नाही. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी नारळ टाकावा आणि खाली आपली मान असावी, असा प्रकार. गाडी अर्धा मीटर चेपून थांबली असं धरलं, तर आतल्या प्रत्येक ऐवजाला त्या क्षणी आपल्या वजनाच्या साधारण वीसपट जोर येतो. हा हिशेब त्यांनी लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेच्या मागे केला होता. ती पत्रिका मी जपून ठेवली आहे. लग्न कुणाचं होतं ते आठवत नाही.

हा हिशेब माणसालाही लागू पडतो, आणि इथून पुढे प्रकरण नाजूक होतं. सीटचा पट्टा पुढच्यांनी लावायचा आणि मागच्यांनी त्यावर बसायचं, अशी आपली जुनी वाटणी. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबईत मागच्यांनाही पट्टा सक्तीचा करण्याची घोषणा झाली. तरी आपली बुद्धी पट्टा लावण्यात नाही, पट्ट्याची पीं-पीं बंद करण्यात चालते. त्यासाठी नुसत्या बकलाचा तुकडा विकत मिळायचा, वर गाडीच्या कंपनीचं चकचकीत बोधचिन्ह. खाचेत तो अडकवला की गाडीला वाटतं, साहेबांनी पट्टा लावला. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना असे तुकडे विकायला मनाई केली आणि १३ हजारांहून जास्त जाहिराती उतरवल्या गेल्या. स्वतःच्या गाडीला फसवायला पैसे मोजणारी एवढी माणसं आहेत, हा आकडा वाचून मेहुणे त्या रात्री जेवले नाहीत.

अशा या मेहुण्यांची आणि आमच्या आत्याची गाठ मे महिन्यात देवरुखला पडली. आत्या आमच्याबरोबर पुण्याला यायची होती. गावाकडून निघताना गाडी आपण भरत नाही, गाव भरतं. मेहुणे आंघोळ करून बाहेर आले तेव्हा डिकी आंब्याच्या पेट्यांनी काचेपर्यंत चिणलेली होती. आगळाच्या बाटल्या सीटखाली, कोहळा मागच्या फळीवर, शेवग्याच्या शेंगा दोन सीटांच्या मधून गिअरपर्यंत. आणि पुढच्या डाव्या सीटवर, ताईच्या जागी, बारा किलोचा बरका फणस. ताईला मागे आत्याशेजारी सरकवलं होतं.

मेहुण्यांनी काही न बोलता चावी फिरवली. गाडी पीं-पीं करू लागली.

"कसला हो आवाज हा, जावईबापू?" आत्याने विचारलं.

"फणसाने पट्टा लावला नाही."

आत्याला वाटलं जावई थट्टा करतोय. तो करत नव्हता. पुढच्या सीटखाली वजन ओळखणारी पट्टी असते. वजन आलं की गाडीच्या लेखी माणूस बसला, मग तो बारा किलोचा का असेना आणि त्याला काटे का असेनात.

"मग मागून अडकवून टाका की," आत्या म्हणाली. "आमचा बाळ्या तस्संच करतो."

मेहुण्यांनी चावी काढून घेतली. निरोप द्यायला पडवीत उभ्या असलेल्या माणसांना खाली बसून घ्यायला सांगितलं आणि गाडी पहिल्यापासून भरायला घेतली. फणस डिकीत, तळाला, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. त्याच्या दोन्ही बाजूंना पेट्या, तो घरंगळू नये म्हणून. सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपेक्षा उंच काहीही नाही, कारण त्याच्या वरचं सगळं डोक्यावर येतं. मागची पाठ नीट अडकली आहे का, ते दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. ती सुटी असेल तर डिकीतला माल तिच्यासकट पुढे येतो. आगळाच्या बाटल्या पिशवीत बांधून फणसाच्या पायाशी. कोहळा उतरवून परत दिला, त्यावरून थोडी बोलाचाली झाली. शेंगा ताईच्या मांडीवर आल्या. वीसपटीने बारा किलोचा फणस म्हणजे आदळताना जवळजवळ अडीचशे किलो, हेही त्यांनी जमलेल्या मंडळींना बोटांवर मोजून दाखवलं. आत्याच्या वजनाला वीसने गुणणं मात्र त्यांनी टाळलं. सुरक्षिततेच्या बाबतीत मेहुणे किती दक्ष आहेत ते मला तिथे कळलं.

मग ते आत्याकडे वळले. "आत्या, आता तुमचा पट्टा."

"मी मेली कुठे पळून जाणार आहे?"

"तुम्ही नाही. गाडी थांबली तर तुम्ही थांबणार नाही, एवढंच."

"फणस डिकीत गेला, आता गाडी ओरडतेय का?"

"नाही. पण फणसासाठी पाऊण तास घालवला. तुमच्यासाठी अर्धं मिनिट द्या."

हे आत्याला लागलं. फणसापेक्षा आपल्याला कमी वेळ मिळतोय, हा तिला अपमान वाटला की मान, ते मला अजून नक्की कळलेलं नाही. तिने पदर सावरून पट्टा घेतला, तो पोटावर न ठेवता खाली कमरेवर बसवून घेतला, खटकन आवाज होईपर्यंत दाबला आणि ताईला म्हणाली, "तूही लाव, बघतेस काय."

कुंभार्ली घाटात एका वळणावर म्हशी आडव्या आल्या. मेहुण्यांनी करकचून ब्रेक मारला. ताईच्या मांडीवरच्या शेंगा तेवढ्या पुढे गेल्या. बाकी गाडीत काही हाललं नाही. आत्याने मागे मान वळवून डिकीच्या दिशेने कान दिला. काही आवाज नाही. म्हशींनी आपल्या सवडीने रस्ता ओलांडला.

पुण्यात पोचल्यावर सगळ्या आळीला फोन गेले. आंबे एकही न दबता आले, फणसाला साधा ओरखडा नाही, घाटात म्हशी कशा आल्या, सगळं सविस्तर. पट्ट्याचा उल्लेख कशातच नव्हता. शेवटच्या फोनवर आत्याने एवढंच सांगितलं, "जावईबापू गाडी छान भरतात हो. फक्त बोलतात फार."